पान ७ वर चहा

मुलांनी वाचलं पाहिजे, यावर आपल्याकडे एकमत आहे. मराठी माणसांचं एकमत व्हावं असे विषय थोडे, त्यामुळे मला या विषयाचा आधीपासूनच जरा संशय येतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, पेन्शनच्या रांगेत, कुठेही ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत हो’ एवढं म्हणावं, की चार माना डोलतात. त्यातल्या तीन माना क्षणापूर्वी मोबाइलवर वाकलेल्या असतात. चौथ्या गृहस्थांनी अलीकडे कोणतं पुस्तक वाचलं, हे विचारायची आपल्यात रीत नाही.

आमच्या लहानपणी तक्रार उलटी होती. पोरं वाचतात, अशी होती. ‘सारखं काय पुस्तकात तोंड खुपसून बसतोस’, ‘डोळे जातील’, ‘कादंबऱ्या वाचून कुणाचं भलं झालंय’ ही वाक्यं वाड्यात दिवेलागणीला ठरलेली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या बऱ्याचशा महाराष्ट्रातल्या पोरांनी भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात ठेवून वाचल्या असाव्यात. अर्नाळकरांचे नायक झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पोलिसांचं नसेल तितकं लक्ष आमच्या वडिलांचं असे. आमच्या घरात भूगोलाचं पुस्तक सर्वांत जास्त वेळ उघडं असायचं आणि तरी भूगोलात मार्क कमी कसे पडतात, हे कोडं वडिलांना शेवटपर्यंत उलगडलं नाही.

आज कुणाचा मुलगा भूगोलाच्या आड रहस्यकथा वाचताना सापडला, तर सोसायटी त्याला नारळ आणि शाल देईल. वाचन हे आता पुण्यकर्म झालं आहे. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून मुलं ओळीत बसून वाचतात, फोटो निघतात आणि ते संध्याकाळच्या आत वर पाठवायचे असतात. हेतू चांगलाच आहे. फक्त अडचण अशी, की जे मूल पुस्तकात खरोखर बुडालेलं असतं ते फोटोत फार वाईट दिसतं. मान वाकडी, तोंड उघडं, एक बोट नाकात. त्यामुळे वर जातात ते फोटो, पुस्तकाच्या वरून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या मुलांचे.

आमचे एक स्नेही यावर उपाय सांगतात. वाचनावर बंदी घाला, म्हणतात, पोरं चोरून वाचायला लागतील. ऐकायला बरं वाटतं, पण मला पटत नाही. आमच्या वेळी बंदीला गोडी होती, कारण बंदी असलेली वस्तू हाताशी होती. पुस्तक शेजारच्या बिऱ्हाडात होतं, वाचनालयात थोड्या वर्गणीत होतं, आणि दुपारभर दुसरं काहीच नव्हतं. आज बंदी घातली तर पोरं ती आनंदाने पाळतील.

या विषयात माझा अधिकार काय म्हणाल, तर काही नाही. मी बँकेत होतो. अधिकार आहे तो बायकोचा. तिची जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली, आणि शेवटची वर्षं वाई तालुक्यातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत गेली. वाई म्हणजे जिथे मराठी विश्वकोश तयार होतो ते गाव. तिथून थोडं डोंगराकडे गेलं की ही वाडी. शाळेत दोन खोल्या, एक व्हरांडा, एक चिंच आणि एक लोखंडी कपाट. कपाटात पुस्तकं होती. बायको हजर झाली तेव्हा ती सगळी नवीकोरी होती, आणि बरीच वर्षं नवीकोरी होती.

या कपाटाची गोष्ट जरा नीट सांगायला हवी, कारण अशी कपाटं पुष्कळ शाळांत आहेत. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सांगतो की प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही पाहिजेत. सरकारी योजनांतून पुस्तकं येतातही. आली की रजिस्टरला चढतात. रजिस्टरला चढलं की ते कुणाच्या तरी चार्जमध्ये असतं, आणि चार्जमधली वस्तू फाटली किंवा हरवली, तर ज्याचा चार्ज त्याला विचारणा. वर्षाच्या शेवटी मोजदाद होते ती पुस्तकं किती आहेत याची, किती उघडली याची नाही. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं? कुलूप लावावं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे दुसरे गुरुजी. ते सज्जन गृहस्थ होते. पुस्तकांवर त्यांचं इतकं प्रेम होतं, की त्यांनी एकही पान कधी दुमडू दिलं नाही.

त्यांची बदली झाली आणि चार्ज आमच्या घरात आला. पहिल्याच आठवड्यात बायकोने व्हरांड्यात सुतळी बांधली आणि घरातले कपडे वाळत घालायचे चिमटे नेले. घरी माझे शर्ट काही दिवस वाऱ्यावर होते. शाळेत दोरीवर पुस्तकं लटकली. यात नवल काही नाही, अशी दोरी बांधणाऱ्या बाई आणि गुरुजी राज्यात ठिकठिकाणी आहेत. तिचं स्वतःचं म्हणता येईल ते एवढंच, की देवघेवीची वही तिने चौथीतल्या एका मुलाकडे सोपवली आणि नंतर त्या वहीकडे सहा महिने बघितलंही नाही.

हा मुलगा वाचण्यात कच्चा होता. जोडाक्षर आलं की बैल बुजावा तसा थबकायचा. मग त्यालाच का वही दिली, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘हिशेबाला पक्का आहे. गोट्यांचा हिशेब तोच ठेवतो.’ आता पुस्तकाचं नाव लिहायचं म्हणजे ते आधी वाचायला हवं, त्यामुळे त्याची सगळी जोडाक्षरं महिनाभरात वहीतच सुटली. रकाने त्यानेच आखले. पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि शेवटी शेरा. हा शेऱ्याचा रकाना त्याला कुणी सांगितला देव जाणे. बहुधा गुणपत्रकात बघितला असावा.

ती वही मी वाचली आहे. मराठीत पुस्तक परीक्षणं पुष्कळ लिहिली जातात, पण इतकी नेमकी मी फार थोडी पाहिली. एका पुस्तकापुढे लिहिलं होतं: ‘पान ७ वर चहा. आजीचा.’ याचा अर्थ पुस्तक घरी गेलं, आणि आजीने चहा पिता पिता किमान सात पानं बघितली. दुसरीकडे: ‘राजाला मिशा काढल्या. आधी नव्हत्या.’ एका ठिकाणी: ‘चांगलं आहे पण कुत्रा मरतो.’ एका ओळीत नेणाऱ्याचं नाव खोडून पुढे: ‘देणार नाही. मी वाचतोय.’ आणि एका जाड पुस्तकापुढे: ‘शेवटचं पान शेळीने खाल्लं. गोष्ट विचारून घेणे.’

या शेळीने वाडीवर जे काम केलं ते कोणत्याही अभियानाने केलं नसेल. शेवटचं पान फक्त एकाच मुलीने वाचलेलं होतं. ज्याला ते पुस्तक हवं त्याला शेवट विचारायला तिच्याकडे जावं लागे, आणि ती दर वेळी वेगळा शेवट सांगे. हे उघडकीला आलं तेव्हा चिंचेखाली मोठं भांडण झालं. मग खरा शेवट कोणता असेल, हे ठरवायला पोरांनी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. बायकोने नवी प्रत मागवायचा विचार केला होता, तो सोडून दिला.

तिच्या पिशवीत गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ची एक प्रत वर्षानुवर्षं असायची. गिजुभाई भावनगरचे. ताराबाई मोडकांनी त्यांच्यासोबत काम केलं, आणि मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं त्याचं मूळ तिकडे आहे. ‘दिवास्वप्न’ ही एका कल्पनेतल्या शिक्षकाची हकीकत आहे. चौथीचा वर्ग मागून घेतो, पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने शांततेचा खेळ खेळायला जातो आणि असा गोंधळ होतो की पोरांना घरी सोडून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी येतो आणि गोष्ट सांगायला बसतो. वर्ग आपसूक शांत होतो. शिक्षणशास्त्रावर मी वाचलेलं हे एकमेव पुस्तक, आणि त्यात शिक्षकाची पहिल्याच दिवशी फजिती होते म्हणूनच मी ते पुरं करू शकलो.

आता वाचायला शिकणं हे काही खेळणं नाही, हेही बायकोनेच मला दाखवलं. आपल्याला वाचता येतं म्हणून आपण विसरून जातो. आपला ‘ख’ पहिलीतल्या पोराला ‘रव’ दिसतो आणि ते बिचारं ‘रवडू’ म्हणून मोकळं होतं. एकट्या ‘र’ची सोंगं बघा. ‘पर्वत’मध्ये तो डोक्यावर जाऊन बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘ट्रक’खाली त्याची टोपी होते आणि ‘दुसऱ्या’मध्ये तो चंद्रकोर लावून येतो. दर वेळी तोच तो. सहा वर्षांच्या माणसाने हे सगळं ओळखायचं, वेलांटी सांभाळायची, काना कुणाचा ते बघायचं. आणि एवढं करून वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

त्यामुळे वाचनाचा वेग मोजतात ते मला पूर्वी हास्यास्पद वाटायचं, तितकं आता वाटत नाही. ‘निपुण भारत’ योजना २०२१ मध्ये आली. तिसरीतल्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, आणि समजून वाचावेत, असं तिचं लक्ष्य आहे. त्यामागचं कारण रास्त आहे. सगळं बळ अक्षरं जुळवण्यातच गेलं, तर अर्थ लागायला शिल्लक काही राहत नाही. पण मोजायला घड्याळ लागतं, आणि घड्याळ हातात आलं की साहेबांना ‘समजून’ हा शब्द ऐकू येईनासा होतो. एका तपासणीच्या वेळी तिसरीतल्या एका पोराने परिच्छेद असा काही तडतड वाचला, की साहेब खूश झाले. मग सहज म्हणाले, ‘छान! काय होतं रे त्यात?’ पोराने विचारलं, ‘ते पण बघायचं होतं का?’ शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शितं चेपत बसल्याने भात शिजत नाही.

परीक्षेवरून आठवलं. आपल्याला गोष्टीनंतर प्रश्न विचारायची फार हौस. शाळाशाळांत वाचनाच्या वह्या असतात. पुस्तकाचं नाव, लेखक, पात्रे, आवडलेला प्रसंग, आणि तळाशी हमखास: ‘या पुस्तकातून मी काय शिकलो?’ ही वही मूल पुस्तकाआधी बघतं. मग ते सर्वांत बारीक पुस्तक निवडतं, कारण भरायचं सगळ्यांना सारखंच. एका मुलीच्या वहीत तळाच्या प्रश्नाला प्रत्येक पानावर एकच उत्तर होतं, ‘खोटे बोलू नये’. राजकन्येच्या गोष्टीतून तेच, आगगाडीच्या गोष्टीतून तेच, आणि बेडकाच्या जीवनचक्रावर एक सचित्र पुस्तक होतं त्यातूनही तेच. बाईंनी सगळीकडे बरोबरची खूण केली होती. मुलगी हुशार. तपासणाऱ्याला काय लागतं ते तिने ओळखलं होतं, आणि बेडूक खोटं बोलत नाही हे तर खरंच आहे.

प्रश्न विचारावेत तर वेताळाने. ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत येऊ लागला आणि आमच्या पिढीला वेताळ घरच्यासारखा झाला. मूळच्या पंचवीस गोष्टी केव्हाच संपल्या असतील, तरी चांदोबातला वेताळ नव्या नव्या गोष्टी काढून वर्षानुवर्षं राजाच्या खांद्यावर बसलेलाच. त्याची पद्धत बघा. आधी गोष्ट संपूर्ण सांगणार, मध्ये अडवून ‘सांग पाहू पुढे काय झालं असेल’ नाही. शेवटी प्रश्न एकच. तोही असा, की उत्तर दिल्याशिवाय राहवू नये: तिघांतला खरा थोर कोण? त्याला पाठ केलेलं उत्तर चालत नाही, राजाला विचारच करावा लागतो. तात्पर्याचं नावही नाही. आणि उत्तर बरोबर आलं की बक्षीस म्हणून प्रशस्तिपत्रक नाही, वेताळ पुन्हा झाडावर, म्हणजे राजाला आणखी एक गोष्ट. बी.एड.च्या अभ्यासक्रमात वेताळाला स्थान मिळायला हवं होतं. डोकं फुटून शकलं होण्याची अट तेवढी शिथिल करता आली असती.

शाळेचं असं. घरचं सांगायचं तर आमचा मुलगा पुण्यात असतो, हिंजवडीला नोकरी. रात्री ट्रॅफिकमधून सुटून येतो तेव्हा त्याच्यात थोडासाच माणूस शिल्लक असतो, आणि तेवढ्या माणसाने लेकीला गोष्ट वाचून दाखवायची, असा त्यांच्या घरचा नियम आहे. नियम सूनबाईंनी केला आहे, म्हणून पाळला जातो. एकदा आम्ही गेलो होतो तेव्हा दाराआडून ऐकलं. सिंह, कोल्हा, अस्वल सगळे जमले होते. वाचता वाचता मुलाचा आवाज जड होत गेला, आणि सिंह म्हणाला, ‘मला बाकी काही माहीत नाही. शुक्रवारपर्यंत डिप्लॉय झालंच पाहिजे.’ क्षणभर शांतता. मग नातीचा आवाज, ‘बाबा, सिंह असं नाही म्हणत.’ दुसऱ्या रात्री मात्र तिने हट्ट धरला, कालचा शुक्रवारवाला सिंह पाहिजे. पुस्तकातला नको.

ही नात दुसरीत गेली, वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, लिफ्टमधली सूचना, सगळं मोठ्याने वाचून झालं. घरात आनंद. आणि मग मुलाने तेच केलं जे बहुतेक आईबाप करतात. म्हणाला, ‘आता तुला येतं ना वाचता? मग तुझं तू वाच.’ दोन-तीन आठवड्यांत तिचं वाचन गेलं. ‘येत नाही’, ‘अक्षरं हलतात’, ‘हे जोडाक्षर अवघड आहे’. डोळे तपासून झाले, बाईंना भेटून झालं. शेवटी फोन आजीला. आजीने नातीशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, त्यात वाचनाचा विषयसुद्धा काढला नाही, आणि मग मुलाला सांगितलं, ‘तिला सगळं वाचता येतंय. पण वाचता आलं की बाबा उठून जातो, हे तिच्या लक्षात आलंय.’

मला हे फार थोर निदान वाटतं, बायकोचं आहे म्हणून नव्हे. आपण वाचायला शिक म्हणून पोराच्या मागे लागतो, ते शिकतं, आणि शिकल्याबद्दल त्याच्या हातचा दिवसातला सर्वांत चांगला अर्धा तास काढून घेतो. खरं म्हणजे या वयात कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. डोळे अजून चार शब्दांच्या वाक्याशी झटत असतात, आणि कानांना आख्खी कादंबरी कळते. चार शब्दांच्या वाक्यासाठी कुणी वाचक होत नाही. पुढे काहीतरी भारी आहे हे कानांना ठाऊक असलं तरच डोळे कष्ट करतात. तेव्हा मुलाची वाचून दाखवण्याची ड्यूटी पुन्हा सुरू झाली, आणि या खेपेला त्याने स्वतःच्या कपाटातून फास्टर फेणे काढला. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुटलेला. फुरसुंगी म्हणजे आता नातीला ठाऊक असलेलं ट्रॅफिक. तिथून इतका हाडकुळा आणि इतका धाडसी मुलगा निघाला, याचंच तिला पहिलं आश्चर्य. एका रात्री सूनबाई बघायला गेल्या, तर नात केव्हाच झोपलेली, आणि हा मोठ्याने नव्हे, मनात, पुढचं प्रकरण वाचत बसलेला. दुसऱ्या दिवशी नातीने त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हणाली, ‘मी नसताना पुढे जायचं नाही.’ मग त्यावर तोड म्हणून तिने दुपारी स्वतःच चार पानं वाचून टाकली.

गंमत बघा, मराठीतलं बालवाचकांचं सर्वांत नावाजलेलं पुस्तक मुळात ऐकायची गोष्ट आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री सांगतो आणि मित्र भोवती बसून ऐकतात, उद्या पुन्हा यायचं ठरवून उठतात. आपण काय करतो? तेच पुस्तक वाढदिवसाला पोराच्या हातात देतो आणि सांगतो, ‘जा, खोलीत बसून वाच. संस्कार होतील.’

संस्कारांवरून एक सांगतो, आणि यावर घरात मतभेद आहेत. मुलांना बक्षीस द्यायची पुस्तकं आपण ज्या तऱ्हेने निवडतो, त्या तऱ्हेने भाजीसुद्धा कुणी निवडत नाही. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी घाऊक सवलतीत थोर पुरुषांची चरित्रं येतात. थोर पुरुषांविषयी मला आदर आहे, पण लागोपाठ चार थोर पुरुष लहानपणी कधीच आंबे चोरत नाहीत असं वाचल्यावर पोराला आपल्या भवितव्याची काळजी वाटू लागते. माझं मत असं, की पोराला भुताची, विनोदाची, क्रिकेटच्या आकड्यांची, डायनासोरची, हवी ती पुस्तकं वाचू द्यावीत. अर्नाळकर वाचलेल्यांपैकी कुणी दरोडेखोर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बायको म्हणते, हवं ते वाचू दे हे ठीक, पण हाताशी चांगलं ठेवायचं काम आपलं. दोरीवर मीच लटकवते ना! तिच्या दोरीवर ‘किशोर’चे अंक असायचे. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून चालू आहे, आणि आता त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं असायची. यश, राधा, त्यांचं घर, शेजारी, आई-बाबा. त्यात थोर असं काहीच घडत नाही, घरात घडतं तेच घडतं, म्हणून पोरं त्यांना चिकटून बसतात. साहित्य अकादमीने पुरंदऱ्यांना २०१४ मध्ये बालसाहित्य पुरस्कार दिला. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या एका पुस्तकापुढे त्याआधीच लिहिलेलं होतं, ‘यातली आई खरी वाटते. ओरडते.’

नातीला एकदा आम्ही भिलारला नेलं होतं. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, कुणीही यावं, ओसरीवर, माजघरात बसून वाचावं. आम्ही चौघं मोठी माणसं तिच्यामागे. हे बघ, ते बघ, याच्यासोबत फोटो काढू. तिने एकाही पुस्तकाला हात लावला नाही. आम्ही क्रीम घातलेल्या स्ट्रॉबेरीची वाट बघत बसलो तेवढ्यात ती नाहीशी झाली. शोधाशोध. शेवटी सापडली ती चार घरं सोडून, ओळख ना पाळख, एका घरात जमिनीवर पालथी पडून वाचत होती. त्या घरातल्या मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांना आम्ही म्हटलं, ‘माफ करा हं, त्रास दिला असेल.’ त्या म्हणाल्या, ‘त्रास कसला? ती तिचं करतेय, मी माझं.’ आम्ही चौघांनी मिळून सकाळपासून जे केलं नव्हतं ते या बाईंनी तांदळातले खडे काढता काढता केलं होतं. तिच्याकडे बघितलं नव्हतं.

बायको निवृत्त झाली तेव्हा चार्ज द्यायची वेळ आली. रजिस्टरप्रमाणे पुस्तकं मोजायला घेतली, तर काही धड होती, काही दोन तुकड्यांत, काहींची फक्त मधली पानं, आणि काही वाडीवर कुणाच्या घरी होती ते सगळ्यांना माहीत होतं पण मागायचं कुणी नव्हतं. फाटक्या पुस्तकांचं निर्लेखन करायचं ठरलं. त्याचा एक तक्ता असतो. अनुक्रमांक, वस्तूचे नाव, खरेदीची किंमत, सद्यःस्थिती आणि निरुपयोगी होण्याचे कारण. तिने जेवणाच्या टेबलावर पसरून तो भरला. शेळीवालं पुस्तक होतं, मिशावाला राजा होता, पान ७ वर चहा होता. कारणाच्या रकान्यात तिने पहिल्या ओळीला लिहिलं ‘वाचून’, आणि खाली शेवटपर्यंत वरीलप्रमाणेच्या खुणा केल्या.

चार दिवसांनी कार्यालयातून लिपिकाचा फोन आला. आवाज तरुण होता, अगदी अदबीचा. ‘मॅडम, तक्ता मिळाला, पण तो पुढे जाणार नाही. “वाचून” असं कारण आमच्याकडे चालत नाही. वाळवी चालते, पाऊस चालतो, आग चालते, उंदीर चालतात. यातलं काय लिहू?’

बायकोने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘उंदीर लिहा. पहिली ते चौथी.’